जबडा, जीभ आणि श्वासाची वाट

पुण्यात १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाला नवे नाक मिळाले. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा हा माणूस टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक कापले गेले. एका स्थानिक वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नाक घडवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तांत छापला. त्यातला एक तपशील सहज नजरेतून सुटतो. अशा रोग्याला शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस उताणे निजवत.

नाकाच्या रोग्याला हे चालले. जबड्याच्या रोग्याला चालेल का?

उत्तर पहिल्या महायुद्धात मिळाले. विल्यम केल्सी फ्राय या डॉक्टरने जबडा फुटलेल्या एका सैनिकाला डोके पुढे झुकवून चालवत मदतकेंद्रापर्यंत आणले. तेथे त्याला स्ट्रेचरवर उताणे निजवले आणि तो गुदमरून मेला. असे का व्हावे? जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूस हाडाला जोडलेला असतो. ते हाडच तुटले की जिभेचा आधार जातो. उताणे निजल्यावर ती मागे घसरते, रक्त घशात साचते आणि श्वासाची वाट बंद होते.

पुढे इंग्लंडमध्ये सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज अशा सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवू लागले. तेथेच महायुद्धानंतर मॅगिल आणि रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी थेट श्वासनलिकेत रबरी नळी घालण्याची पद्धत विकसित केली. आजही शस्त्रक्रियेनंतर जबडे तारेने बांधले असतील, तर तार कापण्याची कात्री रोग्याच्या उशाशी ठेवतात.

पण अपघात रस्त्यावर होतो, तेथे ना नळी असते ना भूलतज्ज्ञ. इथे जामखेडची आठवण होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्ञान दवाखान्यात कोंडून ठेवायचे नाही, हे त्यामागचे सूत्र.

आपल्या वर्गातही ते वापरता येईल. जबड्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर असेल, तर त्याला पुढे झुकून बसू द्यावे. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे आणि तातडीने मदत बोलवावी. केल्सी फ्रायचा सैनिक एवढ्यानेही कदाचित वाचला असता.