साखळी आणि दारुश्शिफा

6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तामिळनाडूतील एरवाडी गावी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. 28 जीव गेले. गाव दर्ग्याचे, म्हणून सारे बोलणे दर्ग्यावर आले. आश्रयगृह मात्र दर्ग्याचे नव्हते. दुवेच्या आशेने येणाऱ्यांना ठेवून घेऊन पैसे मिळवणाऱ्यांचा तो धंदा होता. बळी गेलेल्यांत सर्व धर्मांचे लोक होते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

तरीही आम्हा मुसलमानांना त्या साखळीकडे पाठ फिरवता येणार नाही. आपल्या मोहल्ल्यांतही मुलगी गप्प झाली की आसेब, मुलगा बरळू लागला की करणी, आणि आधी आमील, मग दर्गा, शेवटी झालाच तर डॉक्टर! हाच जणू दीन, असे आम्ही समजून बसलो.

इतिहास वेगळे सांगतो. 934 साली वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. भीती, संताप, वसवसा यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारणाविना दाटून येणारे दुःख यांत फरक केला. 1284 मध्ये सुलतान कलाऊनने कैरोत उभारलेल्या दारुश्शिफेत मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती, आणि खर्च वक्फमधून चाले. अनावर रुग्णाला तिथेही बांधून ठेवीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बांधणाऱ्याच्या शेजारी हकीम उभा असे.

मग आमचे लोक दर्ग्यात का जातात? केवळ अज्ञानामुळे, असे आम्हाला वाटत नाही. महाराष्ट्रातील जुनी सरकारी मनोरुग्णालये चार : पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यातल्या मजुराने मजुरी बुडवून किती खेपा घालायच्या? दर्ग्याच्या अंगणात कागद विचारत नाहीत, कुणी ‘वेडा’ म्हणून हाकलत नाही. हे आपलेपण इस्पितळात मिळत नसेल, तर दोष एकट्या श्रद्धेचा नाही.

गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात, जिथे आपल्याकडूनही भाविक जातात, 2008 च्या सुमारास एक निराळा प्रयोग सुरू झाला. दुवा मुजावरांची, दवा डॉक्टरांची. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. आमच्या मते ही वाट भाषणांपेक्षा फार पुढची आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी घालण्यास बंदी केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली आहे असे धरावे, त्याला शिक्षा करू नये, असेही त्यात आहे. या एका तरतुदीने घरोघरचे किती मौन सुटायला हवे! बदनामीचे आणि पोलिसांचे भय बाळगून आम्ही विष घेतलेल्या सुनेला ‘पोटदुखी’ म्हणून दवाखान्यात नेत आलो. ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. रात्री-अपरात्री फिरवा, मराठीतही बोलता येते. जीव धोक्यात असेल तर 112. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा लिहिलेल्या असतात. खाली हे दोन आकडे मावतील एवढी जागा तिथे असते.