बहुस्तरी नायट्राइड लेपांचे काठिण्य

दोन वेगळ्या नायट्राइडांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटूनपालटून चढवलेल्या लेपात टोकदार वस्तू रुतू पाहते तेव्हा लेप करतो तो विरोध म्हणजे त्याचे काठिण्य. ड्रिल, टॅप, एंडमिल अशा हत्यारांवरील लेप एकूण 2 ते 4 मायक्रोमीटर जाड असला, तरी त्यात शेकडो थर मावतात.

एकमेकांहून वेगळ्या ताठपणाच्या पदार्थांचे अतिशय पातळ थर रचले तर घन पदार्थ बळकट होईल, अशी मांडणी जे. एस. कोहलर यांनी 1970 मध्ये केली. नायट्राइडांतील ठळक पुरावा 1987 चा. स्वीडनमधील लिंकोपिंगचे उल्फ हेल्मरसन व सहकारी यांनी टायटॅनियम नायट्राइड आणि व्हॅनेडियम नायट्राइडचे एकस्फटिकी थर वाढवले. थरांच्या एका जोडीची जाडी 5.2 नॅनोमीटर असताना काठिण्य सुमारे 55 गिगापास्कल भरले. सुटे टायटॅनियम नायट्राइड साधारण 20 च्या आसपास असते, व्हॅनेडियम नायट्राइड त्याहूनही मऊ. दोन्ही घटकांत नसलेला गुण केवळ रचनेतून यावा, हे या विषयाचे खरे आकर्षण आहे.

स्फटिक कायमचा वाकतो तो त्यातील स्थानभ्रंश, म्हणजे अणूंच्या रचनेतील दोषरेषा, सरकल्यामुळे. मऊ थरातून ताठ थरात शिरायला या रेषेला जास्त ऊर्जा लागते, म्हणून ती सीमेवर अडते. थर जाड असले तर ती थराच्या आतच फिरते. फार पातळ असले तर सीमा एकमेकींत मिसळतात आणि अडसरच उरत नाही. ॲल्युमिनियम नायट्राइडची गोष्ट थोडी निराळी आहे. टायटॅनियम नायट्राइडच्या संगतीत त्याचा अगदी पातळ थर घनाकृती रचनेत राहतो. जाडी वाढली की तो षट्कोनी रूपात जातो आणि काठिण्य उतरते.

मोजणी त्रिकोणी हिऱ्याच्या टोकाने, अतिसूक्ष्म भार देऊन करतात. ठसा लेपाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल गेला, तर खालच्या मऊ पोलादाचा परिणाम आकड्यात उतरतो. लेपातील दाबाचा अवशिष्ट ताण उलट आकडा फुगवतो. शिवाय 1987 चे नमुने मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर वाढवलेले होते. पोलादावरचा लेप बहुस्फटिकी असतो. कारखान्यात थरांची जाडी हत्यारे बसवलेल्या फिरत्या टेबलाच्या वेगावर ठरते आणि हत्याराच्या कडेला ती बदलते. म्हणून थरजोडीची जाडी, भार आणि पायाचा धातू न सांगता दिलेला काठिण्याचा आकडा तुलनेसाठी निरुपयोगी ठरतो.