वादळ ओसरल्यानंतर

महोत्सवाच्या स्मरणिकेंत आनंदाचें वर्णन यावें, हा प्रघात योग्यच आहे. तथापि कोणत्याहि समाजाचा इतिहास केवळ सण, समारंभ व इमारती यांचा नसतो. संकटाच्या दुसऱ्या दिवशीं तो समाज कसा वागला, याचाहि तो असतो. म्हणून पुसेगांव व आसपासच्या वाचकांपुढें वादळांचा, आणि विशेषेंकरून वादळ ओसरल्यानंतरच्या दिवसांचा, थोडासा वृत्तांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणी विचारील कीं, पुसेगांव हें हिंगोली जिल्ह्यांतील गांव. दोन्ही समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर. आपणांस चक्रीवादळाशीं काय कर्तव्य? या प्रश्नाचें उत्तर २०२१ सालीं मिळालें. त्या वर्षीं २६ सप्टेंबरच्या रात्रीं ‘गुलाब’ नांवाचें चक्रीवादळ बंगालच्या उपसागरांतून कलिंगपट्टणम् व गोपाळपूर यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलें. चक्रीवादळाचें बळ समुद्राच्या उष्ण पाण्यावर पोसलेलें असतें. जमीन लागतांच तें क्षीण होऊं लागतें. ‘गुलाबा’चा वाराहि असाच मंदावला, परंतु त्यानें सोबत आणलेलें पाणी मात्र संपलें नाहीं. पावसाळ्याची ओली हवा त्यास वाटेंत साहाय्य करीत राहिली, व तेलंगण ओलांडून तें मराठवाडा आणि विदर्भ यांच्या बाजूस आलें. २७ व २८ सप्टेंबर या दोन दिवसांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि नदीकांठचीं शेतें पाण्याखालीं गेलीं. पुढें हेंच उरलेंसुरलें वादळ अरबी समुद्रांत उतरून पुनः बलवान झालें, ‘शाहीन’ हें नवें नांव धारण करून ३ ऑक्टोबर रोजीं ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलें. एका समुद्रांत जन्मलेलें वादळ आपल्या प्रदेशावरून दुसऱ्या समुद्रास गेलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

तो काळ सोयाबीनच्या सोंगणीचा होता. कित्येक ठिकाणीं कापून ठेवलेल्या ढिगांत पाणी शिरलें. उभ्या पिकाच्या शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. वादळाचा जोर दोन दिवसांत ओसरला. पण शेतकऱ्याचें खरें काम तेव्हां सुरू झालें. पीकविम्याच्या तत्कालीन नियमाप्रमाणें नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावयाची होती. ओढ्याला पूर, रस्ता चिखलाचा, वीज बंद. अशा स्थितींत तीन दिवस किती लवकर सरतात, हें ज्यानें अनुभवलें त्यासच ठाऊक! ऑक्टोबरच्या मध्यास राज्य सरकारनें १०,००० कोटी रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. कोरडवाहू शेतीस हेक्टरीं १०,००० रुपये, बागायतीस १५,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २५,००० रुपये, आणि तेंहि दोन हेक्टरांपर्यंत, असें त्याचें प्रमाण होतें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. हें माप जमिनीचें आहे. ज्याच्या नांवें सातबारा आहे, त्याच्या हानीची नोंद पंचनाम्यांत होते. परंतु बटईनें शेत करणारा, सोंगणीच्या मजुरीवर दिवाळीचा बाजार अवलंबून असलेली विधवा, आणि पुढें ऊसतोडीस जाण्यापूर्वीं चार पैसे गांठीं बांधूं पाहणारें कुटुंब यांचेंहि तेंच पीक बुडालेलें असतें. त्यांचें नुकसान मोजावयास या मापांत रकानाच नाहीं. आम्ही कोणास दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. हेक्टर मोजणें सोपें असतें, बुडालेली मजुरी मोजणें कठीण असतें. पण कठीण असलेलें काम शेवटीं शेजाऱ्यावर येऊन पडतें, हें ध्यानीं असावें.

माप कसें असावें हा प्रश्न कोंकणांतहि एक वर्ष आधीं उद्भवला होता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळीपोफळींच्या वाड्या एका दुपारीं आडव्या झाल्या. घरांचीं कौलें व पत्रे उडाले. खांब मोडल्यामुळें कित्येक गांवें दीर्घकाळ अंधारांत राहिलीं. सरकारनें बागांसाठीं साहाय्य वाढवून हेक्टरीं ५०,००० रुपये केलें. रक्कम मोठी दिसते खरी. पण कोंकणांतील वाडी हेक्टरांत नसते, ती गुंठ्यांत असते. पांच गुंठ्यांच्या वाडीस या हिशेबानें २५०० रुपये मिळावयाचे! आणि पोफळीचें नवें रोप लावल्यास फळ हातीं येण्यास पांच वर्षांहून अधिक काळ लोटतो. लोकांनीं हें गाऱ्हाणें मांडलें, तेव्हां झाडागणिक साहाय्य देण्याचें ठरलें : सुपारीच्या झाडास ५० रुपये व नारळाच्या झाडास २५० रुपये. रक्कम थोडी असली तरी तत्त्व महत्त्वाचें होतें. नुकसान ज्या रूपानें झालें त्या रूपानें तें मोजावें, हें त्यांत मान्य झालें. तें मान्य झालें याचें कारण लोक बोलले.

आतां घरांविषयीं. वादळांत प्रथम जातें तें छप्पर. मे १६१८ मध्यें वसईवर आलेल्या प्रचंड वादळांत चर्चांचीं छपरें उडून गेलीं, व सुमारें २००० माणसें दगावलीं, असें जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. चारशें वर्षांनंतरहि ही गोष्ट बदललेली नाहीं. वेगवान वारा छपरावरून जातांना त्यास वर खेंचतो, आणि वळचणीखालून शिरलेला वारा त्यास खालून ढकलतो. आपल्याकडे वैशाखांत वळवाचा वारा सुटला म्हणजे हेंच घडतें. म्हणून पत्र्यांवर मोठमोठे दगड ठेवण्याची रीत पडली. उपाय स्वस्त आहे, सोपा आहे, आणि वाऱ्यापुरता उपयोगीहि आहे.

परंतु आपल्या प्रदेशास वाऱ्याखेरीज दुसरेंहि एक भय आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जनाहून परतलेले लोक गाढ झोपेंत होते. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें मृत्यु पावलीं. त्या घरांच्या भिंती ओबडधोबड दगड मातींत रचून केलेल्या, जाड व जड होत्या. वर माळवद होतें, आणि गळूं नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षें पांढऱ्या मातीचे थर चढत गेले होते. उन्हाळ्यांत थंडावा देणारें तेंच माळवद त्या पहांटे माणसांच्या उरावर आलें. कांहीं घरांत मात्र लांकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भिंतीच तेवढ्या ढांसळल्या. आपल्या वाडवडिलांच्या बांधकामांत काय चुकीचें होतें व काय योग्य होतें, हें दोन्ही त्या ढिगाऱ्यांत दिसून आलें.

त्यानंतरचें पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारें झालें. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. येथेंहि माप जमिनीचेंच होतें : भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फुटांचें घर, मध्यम शेतकऱ्यास ४०० चौरस फुटांचें, व मोठ्या शेतकऱ्यास ७५० चौरस फुटांचें. घरें भक्कम झालीं, रस्ते सरळ व रुंद झाले; पण जुन्या गल्लीतील ओसरी, शेजार आणि हाकेच्या अंतरावरचा सोयरा हीं हरवलीं, अशी खंत अनेकांनीं व्यक्त केली. जीं गांवें हलविलीं नाहींत, तेथें सुमारें दोन लक्ष घरांची दुरुस्ती व बळकटी घरमालकांनीं स्वतःच करावयाची होती. त्यांस समजावून सांगण्यासाठीं गांवोगांवीं ‘संवाद सहायक’ नेमण्यांत आल्या. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्यानें साध्यासुध्या स्त्रियांनीं हें कार्य पत्करलें. सिमेंटमध्यें वाळू किती, भिंतीच्या आरपार जाणारा बांधदगड कोठें घालावा, हप्ता कधीं मिळतो, हें त्या शिकल्या व शिकवूं लागल्या. २००१ सालीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां याच भागांतील स्त्रिया तेथील भगिनींस धीर व अनुभव देण्यासाठीं गुजरातेंत गेल्या. ज्यांनीं काल मदत घेतली त्यांनींच आज मदत द्यावी, याहून मोठें पुनर्वसन आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि हा धडा हिंगोलीकरांस दूरचा नाहीं. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड व परभणी जिल्ह्यांस ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. पुनः १० जुलै २०२४ रोजीं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. मार्चमधील धक्क्यांनंतर प्रशासनानें लोकांस विनंति केली कीं, पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत. किती साधी सूचना, आणि किती अवघड! दगड ठेवावे तर भूकंपाचें भय. काढावे तर वाऱ्याचें. गरिबाच्या घरावर हीं दोन्ही भयें एकाच दगडाच्या रूपानें बसलेलीं असतात. यावर वाट आहे ती एवढीच कीं, पत्रा वजनानें दाबून न ठेवतां खालच्या लोखंडी नळ्यांस किंवा लांकडास हुकांनीं घट्ट बांधावा, आणि त्या नळ्या भिंतींत नीट पक्क्या कराव्या. खर्च फार नाहीं; परंतु एकट्या वृद्धेस किंवा रोजंदारीवरच्या कुटुंबास तोहि जड जातो.

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपण सर्वांनीं वारंवार ऐकिला आहे. तो पाया आपण सांभाळावाच. त्याबरोबर शेजाऱ्याच्या छपराकडेहि वर मान करून पाहावें, अशी आमची वाचकांस नम्र विनंति आहे. येत्या वैशाखापूर्वीं तरुणांनीं चार घरीं जाऊन दगड उतरवावे व हूक ठोकावे. शिकलेल्यांनीं नुकसानीची सूचना कोठें व किती दिवसांत द्यावयाची, हें आधींच विचारून ठेवावें. आणि ज्यांच्या नांवें सातबारा नाहीं अशा कुटुंबांची एक यादी गांवानें आपली आपण करून ठेवावी. कारण पंचनाम्याच्या कागदावर त्यांचें नांव येईलच असें नाहीं. महोत्सवाचे दिवे विझल्यावर हें कार्य राहिलें, तर हा महोत्सव सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.