घाटाची चढण आणि गिअरबॉक्सचे तेल

कोकणातून पुण्याकडे जाणारा माल बोरघाटातून वर चढतो. घाटाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत ही चढण सुमारे ५५० मीटरची आहे. पनवेलच्या वाहतुकीचा इतिहास या चढणीशी बांधलेला आहे. ओझे वर नेण्यासाठी जोर कोठून आणला, हे आपण इतिहासात वाचतो. जोर लावताना निर्माण झालेली उष्णता कोठे गेली, हे मात्र सहसा वाचायला मिळत नाही.

सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. घाटावरचा माल बैलगाडीने पनवेल बंदरात येई आणि तेथून गलबताने मुंबईला जाई. गाडीची चाके बनवणे हा त्या काळी पनवेलचा मोठा धंदा होता. बैलाचे स्नायू अन्नातील ऊर्जेचा थोडाच भाग कामात बदलतात. बाकीची उष्णता होते. घाम आणि धाप ही ती बाहेर टाकण्याची साधने. गाडीवान चढावर बैलांना विसावा देई, तेव्हा तो त्यांना थंडही करत असे.

१८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. चढ ३७ फुटांस १ फूट असा तीव्र होता. वाफेचे इंजिन बरीचशी उष्णता धूर आणि वापरलेली वाफ यांच्याबरोबर धुराड्यातून सोडून देई. त्याची किंमत म्हणून वारंवार पाणी भरावे लागे.

मोटारट्रकमध्ये इंजिन थंड ठेवण्याचे काम रेडिएटरकडे आले. साध्या गिअरबॉक्समध्ये पोलादी दाते एकमेकांत अडकून फिरतात. तेथे ऊर्जा फार वाया जात नाही आणि बाहेरच्या कवचाला लागणारा वारा बहुधा पुरतो. तेल तापण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो स्वयंचलित गिअरबॉक्समुळे.

१९०५ मध्ये हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने द्रवामार्फत शक्ती पोचवण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. कल्पना सोपी आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असते. मूळ उपयोग जहाजांसाठी होता. अमेरिकेत १९४८ मध्ये ब्यूइक मोटारीत असा कन्व्हर्टर आला. दुसरा पंखा पहिल्यापेक्षा थोडा मागे राहतोच. हा फरक म्हणजे घसरण, आणि घसरणीत गेलेली ऊर्जा तेल तापवते. मागे जड ओझे आणि समोर चढ असला, की घसरण वाढते.

आकडे मांडून पाहू. २५ टनांची गाडी ५५० मीटर वर नेण्यास २५,००० × ९.८ × ५५० म्हणजे सुमारे १३.५ कोटी ज्यूल कार्य करावे लागते. याच्या दहाव्या भागाइतकी ऊर्जा कन्व्हर्टरमध्ये वाया गेली असे धरू. गिअरबॉक्समध्ये २० किलो तेल आहे आणि १ किलो तेलाचे तापमान १ अंशाने वाढवण्यास सुमारे २,००० ज्यूल लागतात, असेही धरू. उष्णता बाहेर गेलीच नाही तर तेल ३०० अंशांहून अधिक तापेल! प्रत्यक्षात लोखंडी कवच काही उष्णता घेते. पण तेल १२० अंशांच्या वर फार काळ राहिले तरी ते लवकर खराब होते आणि आतले रबरी सील कडक होतात.

म्हणून हे तेल नळीतून रेडिएटरच्या टाकीतील कूलरमध्ये फिरवतात. पण तेथील पाणीच ९० अंशांच्या आसपास असते. तेल त्याहून थंड कसे होणार? यावर उपाय म्हणून ओझे ओढणाऱ्या गाडीत रेडिएटरसमोर आणखी एक कूलर बसवतात. त्याच्या पातळ पत्र्यांवरून थेट बाहेरची हवा वाहते. पृष्ठभाग मोठा आणि तापमानातील फरकही मोठा, म्हणून उष्णता वेगाने निघून जाते.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पनवेल परिसरात कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरांची वर्दळ वाढली. त्यांतील बहुतेकांचे गिअरबॉक्स क्लचवाले असल्याने त्यांना या कूलरची गरज नसते. अवाढव्य यंत्रे ओढणाऱ्या काही वाहनांत आणि शहरातील काही बसगाड्यांत मात्र टॉर्क कन्व्हर्टर असतो.

कूलरला मर्यादाही आहे. तो उष्णता वाहून नेतो. तिची निर्मिती थांबवत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याचा परवाना तो देत नाही. शिवाय उतारावर तेच १३.५ कोटी ज्यूल पुन्हा हिशेबात येतात, आणि तेथे तापतात ते ब्रेक. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या चालकाला इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक अति तापले की त्यांची पकड जाते. ‘उतारावर खालच्या गिअरमध्ये चला’ या पाटीमागे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे.

नववी-दहावीच्या वर्गात वरील गणित वजन बदलून करून घ्यावे. पाटीवरची सूचना मुलांना मग वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.