वंध्य नर-डासांचे प्रकरण

स्वातंत्र्याच्या वेळी ज्या देशात वर्षाकाठी ७.५ कोटी माणसे हिवतापाने अंथरूण धरीत आणि त्यांतील सुमारे ८ लाख दगावत असा अदमास होता, त्याच देशात १९६१ साली रोग्यांची नोंद जेमतेम ५० हजारांवर आली, हा पराक्रम दारोदार हिंडून भिंतींवर डीडीटी मारणाऱ्या फवारणी-कामगारांचा होता. परंतु डासांना ते विष पचू लागले, तपासणीत शैथिल्य शिरले, आणि ते दशक सरता सरता ताप पुन्हा डोके वर काढू लागला. अशा समयी, १९६९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्यात करारनामा होऊन दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे पथक उभे राहिले. पैसा आला तो अमेरिकेने धान्याच्या मोबदल्यात भारतात जमविलेल्या पीएल ४८० च्या रुपयांतून. पुढील अनर्थाचे बीज त्याच कलमात होते, असे मला वाटते.

काम मोठे नाजूक होते. पसरट परातींत वाढविलेल्या, स्वल्पविरामासारख्या वळलेल्या कोषांतून नरांचे कोष, ते मादीच्या कोषाहून लहान असल्यामुळे, निवडून काढायचे, थायोटेपा नावाच्या रसायनात काही काळ भिजवायचे, आणि त्यांतून निघालेले वंध्य नर गावात सोडायचे. नर चावत नाही आणि मादीचा समागम बहुधा एकदाच होतो. तेव्हा अशा नराशी संग झालेल्या मादीची अंडी फोल जावीत, हा हिशेब. हत्तीरोगाचा क्यूलेक्स, डेंग्यूचा एडीस आणि शहरी हिवतापाचा ॲनोफेलीस स्टीफेन्साय, असे तिन्ही डास अभ्यासाला घेतले होते. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत क्यूलेक्सचे नर सोडून झाले, आणि सोनिपत शहरात एडीस सोडण्याची सिद्धता चालली.

तोच, १९७४ मध्ये, वृत्तपत्रांनी प्रश्न उपस्थित केला: एडीस हा पीतज्वराचाही वाहक, तो ज्वर या देशात नाही, मग तो डास किती दूर जातो, कसा टिकतो, ही माहिती परदेशी पैशाने कोणासाठी गोळा होते? १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आलेले अमेरिकेचे सातवे आरमार लोक विसरले नव्हते, व्हिएतनामच्या रानांवर ओतलेली विषारी रसायनेही विसरले नव्हते. जैविक युद्धाचा संशय त्या मातीत सहज रुजला. थायोटेपा गावच्या विहिरींत उतरते काय, हीही धास्ती होतीच. शास्त्रज्ञांची कैफियत अशी, की डेंग्यू येथे आहेच, आणि युद्धाचा आरोप निराधार आहे. १९७५ च्या लोकलेखा समितीच्या अहवालाने मात्र या उपक्रमावर कठोर ताशेरे ओढले. त्याच अहवालात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचीही, त्यात अमेरिकी लष्कराचा पैसा असल्यामुळे, झडती झाली, आणि सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञाच्या कामावर संशयाची छाया पडली.

सोनिपतचा प्रयोग रद्द झाला आणि १९७५ मध्येच पथकाचे काम संपले. युद्धाचा हेतू होता, असे मी मानीत नाही. परंतु शंका घेणाऱ्यांना अडाणी ठरविणेही मला अन्यायाचे वाटते, कारण करारनाम्याची कलमे, निधीचा हिशेब आणि रसायनाच्या निर्धोकपणाचा पुरावा आपणहून आधी लोकांपुढे मांडणे हे सरकारचे कर्तव्य होते, आणि ते वृत्तपत्रांनी घेरल्यावर करण्याचे काम नव्हे. पुढल्याच वर्षी, १९७६ मध्ये, हिवतापाच्या रोग्यांची नोंद ६४ लाखांवर गेली.

२०१७ साली जालन्याजवळ दावलवाडीस जनुक बदललेल्या एडीसचे नर पुन्हा चाचणीला आले, या खेपेस जाळीच्या बंद पिंजऱ्यांत.