पॅरिसचे चार दिवस : आधी वार, मग ठिकाणे

पॅरिस पाहायला चार दिवस अपुरे पडतात, ही पर्यटकांची जुनी तक्रार आहे. वास्तविक दिवस अपुरे पडण्यापेक्षा वाया जातात, तेच अधिक. मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असते. सोमवारी ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा बंद असतो. एक मे, नाताळ आणि एक जानेवारी या दिवशीही काही प्रमुख संग्रहालये उघडत नाहीत. मोजकी रजा आणि मोठ्या कष्टाने साठवलेले पैसे घेऊन निघालेल्या कुटुंबाला बंद दारासमोर गेलेला एक दिवसही महागात पडतो. म्हणूनच या शहराची आखणी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून न करता आठवड्याच्या वारांपासून करावी. बुधवार ते शनिवार हे चार दिवस त्यादृष्टीने सर्वांत सोयीचे.

व्हिसाची तयारी

फ्रान्ससाठी भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होत असला, तरी प्रसंगी ४५ दिवसही लागू शकतात. त्यामुळे मे महिन्यातील सहलीची कागदपत्रे वर्षाच्या आरंभीच जमवायला घेणे शहाणपणाचे. जून २०२४पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो, तर सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण बंधनकारक आहे. सहलीत अनेक देश असतील, तर जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. मुक्काम सारखाच असेल, तर प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे.

शहराची रचना

सीन नदी पॅरिसचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करते. शहराचे २० विभाग असून त्यांचे क्रमांक मध्यभागापासून गोगलगाईच्या शंखाप्रमाणे बाहेर वळत जातात. विभागाचा क्रमांक लहान, तितका मुक्काम मध्यवर्ती आणि बहुधा तितकाच महाग. मेट्रोचे जाळे दाट असल्याने थोडे बाहेरचे हॉटेल चालते. मात्र स्थानक पायी पाच-सात मिनिटांवर असावे.

शार्ल द गॉल विमानतळावरून शहरात येण्यासाठी 'बी' मार्गाची उपनगरी रेल्वे उपयोगी पडते. नाविगो या प्रवासी कार्डावरील साप्ताहिक पास सोमवार ते रविवार असाच चालतो. कोणत्याही दिवसापासून सात दिवस असा तो मोजला जात नाही. त्यामुळे शुक्रवारी उतरणाऱ्यास त्याचा लाभ होत नाही. कार्ड प्रत्येकाचे स्वतंत्र लागते.

दिवसांची वाटणी

पहिला दिवस, बुधवार, हलका ठेवावा. भारत व पॅरिस यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असल्याने संध्याकाळी लवकर झोप येते. नदीतील सिते बेटावरचे नोत्र दाम कॅथेड्रल या दिवसासाठी योग्य. एप्रिल २०१९मधील आगीनंतर ते डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडले. आत जाण्यास शुल्क नाही. जवळच्या सँत शापेल या तेराव्या शतकातील प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचा दिवसाच्या उजेडातच पाहाव्यात.

गुरुवार व्हर्सायसाठी राखावा. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील या राजवाड्यात मंगळवारी गर्दी अधिक असते, कारण त्या दिवशी लूव्र बंद असते. येथील आरसेमहालात २८ जून १९१९ रोजी पहिल्या महायुद्धानंतरचा तह झाला. त्यावर भारताच्या वतीने बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचीही स्वाक्षरी आहे. उद्यानांसह पूर्ण दिवस लागतो.

शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत खुले असते. सकाळी आर्क द त्रियोंफ, शाँझेलिझे आणि त्विलेरी उद्यान असे पायी येत दुपारनंतर संग्रहालयात शिरावे. सारे लूव्र एका भेटीत पाहण्याचा हट्ट सोडावा. 'मोनालिसा'सह दोन-तीन दालने आधीच निवडली, तर पायही टिकतात आणि चित्रेही लक्षात राहतात.

शनिवारी ओर्से संग्रहालय आणि आयफेल टॉवर. १९०० सालच्या रेल्वे स्थानकात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ओर्सेत मोने, व्हॅन गॉग यांची चित्रे आहेत. टॉवरच्या लिफ्टची तिकिटे ६० दिवस आधीपासून संकेतस्थळावर मिळतात. ती न मिळाल्यास दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्यांचा मार्ग उरतो. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी लिफ्टचे आरक्षण आधीच करावे.

खर्च आणि पास

जानेवारी २०२६पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील पर्यटकांसाठी लूव्रचे तिकीट ३२ युरो झाले आहे. १८ वर्षांखालील मुलांना लूव्र, ओर्से व व्हर्सायमध्ये मोफत प्रवेश असल्याने त्यांच्यासाठी पास विकत घेऊ नये. पॅरिस म्युझियम पास दोन, चार किंवा सहा दिवसांचा असतो. त्यात आयफेल टॉवरचा समावेश नाही, आणि पास असूनही लूव्र, व्हर्साय व सँत शापेलसाठी वेळ आरक्षित करावी लागते.

शाकाहारी मंडळींची अगदीच आबाळ होत नाही. मारे भागातील रोझिए रस्त्यावर फलाफल मिळते, तर गार द्यू नोर स्थानकापलीकडील ला शापेल भागात दक्षिण भारतीय व श्रीलंकी तमिळ भोजनालये आहेत. उपाहारगृहात नळाचे पाणी मागितल्यास त्याचे पैसे पडत नाहीत.

पाकीटमारांचा उपद्रव मेट्रोत, लूव्रभोवती आणि माँमार्त्रच्या टेकडीवर विशेष आहे. स्वाक्षरी मागणारे किंवा मनगटाला दोरा बांधू पाहणारे यांना न थांबता नकार द्यावा. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवावी. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

परतीचे विमान रात्रीचे असल्यास उरलेली सकाळ विसाव्या विभागातील पेर लाशेझ दफनभूमीला द्यावी. प्रवेश विनामूल्य आहे. १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवत आणणारे जे. आर. डी. टाटा याच शहरात १९०४ मध्ये जन्मले आणि १९९३ मध्ये याच दफनभूमीत त्यांचे दफन झाले. येथे दाराशी रांग लागत नाही, मात्र आवार विस्तीर्ण असल्याने नकाशा सोबत ठेवावा.