मोजपात्र बदललं की पाऊस बदलतो

प्रबंधात आकडेवारीविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा एका ओळीत मोकळे होतो: ‘पावसाचे आकडे हवामान खात्याकडून घेतले.’ पण ते आकडे कोणत्या यंत्राने दिले, हे विचारायचं राहूनच जातं.

साधं उदाहरण घ्या. पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटर असेल, तर 10 मिलिमीटर पावसात 200 मिलिलिटर पाणी जमतं. हेच पाणी 100 चौरस सेंटिमीटर तोंडासाठी आखलेल्या मोजपात्रात मोजलं, तर आकडा येतो 20 मिलिमीटर. पाऊस तेवढाच, नोंद मात्र दुप्पट! म्हणजे नरसाळं आणि मोजपात्र यांची जोडी जुळायला हवी, आणि ती सगळ्या केंद्रांवर जुळायला हवी. नाहीतर दोन गावांच्या पावसाची तुलना कशाच्या जोरावर करणार?

भारतीय हवामान खातं 1875 मध्ये स्थापन झालं. पण स्वातंत्र्याच्या सुमारासही तापमापक, वायुदाबमापक अशी साधी उपकरणंसुद्धा ब्रिटनमधून येत. ती इथेच बनवायची, म्हणून पुण्यात एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या देखरेखीखाली कार्यशाळा उभी राहत होती. 1948 मध्ये ॲना मणी तिथे रुजू झाल्या. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम करून त्यांनी पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले होते, 1945 मध्ये प्रबंधही सादर केला होता. पण एम.एस्सी. नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. मग त्या लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेल्या आणि हवामानाची उपकरणं शिकून परतल्या.

पुण्यात त्यांनी जवळपास 100 उपकरणांची आरेखनं प्रमाणित केली. ऐकायला हे काम कारकुनी वाटतं. पण आरेखन एकच असलं, की उपकरण कुठेही बनो, त्याचं माप तेच राहतं. त्यातला सुटा भागही बदलता येतो. त्याला कॅलिब्रेशनची जोड मिळाली, की दूरदूरच्या केंद्रांचे आकडे एका तक्त्यात मांडता येतात. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलं परवडलं, असं मणी यांचं ठाम मत होतं. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. त्यांनी संकलित केलेला भारताच्या सौर प्रारणाचा आकडेवारी-ग्रंथ 1980 मध्ये आला. सौरऊर्जेवर काम करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार मिळाला.

आता आपल्या कामाकडे वळू. जुनी आकडेवारी हातात आली की आलेख काढण्याआधी तीन गोष्टी तपासा: उपकरण कधी बदललं? केंद्राची जागा कधी हलली? नोंदीची वेळ तीच राहिली का? आलेखात एखाद्या वर्षी अचानक पायरी दिसली, तर ती हवामानाची असेल किंवा नव्या यंत्राचीही. हा फरक केला नाही, तर त्यावर रचलेला निष्कर्ष तोंडी परीक्षेतल्या पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.